सातवं गाडगं

चार वाजून वीस मिनिटांनी पहिला चिंचोका चुकीच्या गाडग्यात पडला, आणि तो पडताना पुष्पांजलीने पाहिला.

अगदी समोर पाहिला. हातात माईक, गळ्यात शिट्टी, पदर कमरेला घट्ट खोचलेला, अशी ती सासूच्या, सुभद्राबाईंच्या, मागे दोन हातांवर उभी होती. तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, अकरा नंबरची स्कूटर खडखडत उतरली. उताराच्या वळणावर प्रत्येकाला वेग कमी करावाच लागे, म्हणून तर मोजणीची जागा तिथे ठेवलेली. हेल्मेटमधून आवाज आला, "आजे, राम राम वं!" सुभद्राबाईंचा हात अकराव्या गाडग्याकडे निघाला होता. तो मध्येच थांबला, मागे वळला आणि सातव्या गाडग्यावर जाऊन सुटला.

सातवं गाडगं घरचं होतं. सात नंबरची जुनी गिअरची स्कूटर पुष्पांजलीच्या नवऱ्याने, शालीकरामने, स्वतःच्या गॅरेजात उभी केलेली, आणि ती आलटूनपालटून चालवत होते त्यांची मुलगी भूमिका आणि शेजारचा गुड्डू. अकरा नंबरवरून ओरडत गेलेला विक्कीही घरचाच, थोरल्या जावेचा मुलगा, पण तो यंदा मुर्री गावच्या रिंकूच्या गाडीवर होता. घरची गाडी सोडून परक्याच्या गाडीवर बसला म्हणून त्याच्या बापाने पंधरा दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

"आई," पुष्पांजली म्हणाली.

"काय वं?"

तेवढ्यात बालाघाटवाल्यांची चार नंबर आली, तिच्या पाठोपाठ पंधरा. सुभद्राबाईंचा हात दोन्ही गाडग्यांवर बरोबर फिरला. एवढ्या वेळात बोलायचं ते राहून गेलं, किंवा पुष्पांजलीने राहू दिलं.

"काही नाही. पाणी देऊ का?"

"पानी नोको. मंग उठा लागते."

बारा तासांची स्पर्धा होती. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, अठरा स्कूटर, प्रत्येक गाडीवर दोन चालक, बारा किलोमीटरचा फेरा: पाळीवरून गावात, गावातून डांबरी रस्त्याने चिचगडच्या बाजूला, जंगलाच्या कडेने वळून पुन्हा पाळीवर. जास्त फेरे ज्या गाडीचे, ती पहिली. वेगाला बक्षीस नव्हतं. बारा तास गाडी आणि माणूस दोघांनी न कुरकुरता चालत राहावं, एवढीच अपेक्षा. पुष्पांजली म्हणायची, ही तर संसाराचीच शर्यत झाली, फक्त इथे हेल्मेट मिळतं.

पहिल्या वर्षी आठ गाड्या आल्या होत्या. दुसऱ्या वर्षी मोबाईलवर मोजणी ठेवली, आणि दुपारी दोनला टॉवर गेला तो पाचला आला. त्या तीन तासांतल्या एका फेऱ्यावरून अशी भांडणं झाली की बालाघाटची मंडळी जेवणाची पानं मांडलेली सोडून निघून गेली. यंदा त्यांना परत बोलावताना पुष्पांजलीने फोनवर एकच गोष्ट सांगितली, "मोजायला माझी सासू बसणार आहे."

बालाघाटपर्यंत सासूची कीर्ती पोचलेली नव्हती, पण बोरटोल्याच्या पंचक्रोशीत ती सांगायची गरज नव्हती. हा तलाव या घराच्याच पूर्वजांनी खोदलेला, आणि तलावाच्या पाण्याच्या पाळ्या सुभद्राबाईंनी तीस वर्षं मोजलेल्या. पाणी सोडलं की त्या तुडुमाजवळ, म्हणजे पाणी सोडायच्या जुन्या दगडी तोंडाजवळ, बसायच्या. दर घराचं एक गाडगं, दर तासाला एक चिंचोका. हंगाम संपला की गाडगी एकेक करून सुपात ओतायची. ओतेपर्यंत कोणीही येऊन म्हणावं, बाई, माझा एक दाणा राहिला. सुपात पडलं की बोलणं बंद. या तीस वर्षांत सुपात पडलेल्या मोजणीवर कोणी तोंड उघडलं नव्हतं.

विक्कीच्या बापाला, म्हणजे मुन्नालालला, स्पर्धाच नको होती. तो पाणीवापर संस्थेचा अध्यक्ष. पाळ वापरायची तर त्याची सही लागे, आणि पाळ नसेल तर बारा किलोमीटरचा फेरा जंगलातून न्यावा लागे, तिथे परवानगी मिळणं अशक्य. यंदा त्याने सही दिली, पण खाली स्वतःच्या हाताने ओळ लिहून दिली: कोणत्याही स्पर्धकाची एक जरी तक्रार आली, तर पुढील वर्षापासून पाळ मिळणार नाही.

पुष्पांजलीने ती ओळ वाचली, घडी घातली आणि कागद ब्लाउजमध्ये ठेवला. सकाळपासून तो तिथेच होता.

चार चाळीसला विक्की पुन्हा आला. "आजे!"

"हौ बापू, हौ!" म्हातारी खूश झाली, आणि दुसरा चिंचोका सातव्यात पडला.

*

मुन्नालाल पाळीच्या दुसऱ्या टोकाला तुडुमाजवळ उकिडवा बसून चाकोरीत बोटं घालून पाहत होता. उन्हाळी धानाला पाणी सोडलेलं होतं. पाणी सोडणारा कवडू शेजारी बिडी विझवून उभा होता.

"किती खोल गेली म्हंतेस?"

"दोन बोटं, जी."

"तीन हायेत."

"तुमचे बोटं बारीक हायेत, जी."

मुन्नालालने मान वर केली नाही. सकाळी त्याला वाटलं होतं, दुपारपर्यंत पाळ नांगरल्यासारखी होईल आणि मग कोणाच्या तक्रारीची वाटच पाहायला नको. पण त्याच्या भावजयीने आठ दिवस आधी पाळीवर मुरूम टाकून, रोलर फिरवून, पाणी मारून घेतलं होतं. पाळ पावसाळ्यानंतर होती त्यापेक्षा बरी दिसत होती. याचा राग यावा की नाही, हे त्याला ठरवता येईना.

"पोरगा चांगला चालवून राहिला तुमचा," कवडू म्हणाला. "मघाशी गेला तं हातसुदा हालवला त्यानं."

"मले?"

"मले, जी."

मुन्नालाल उठला, धोतराची धूळ झटकली. सकाळी आठला विक्की पहिल्यांदा गाडीवर बसला तेव्हा मुन्नालाल मोजणीच्या जागेपाशीच उभा होता, आणि पोरगा दोन तास मान खाली घालून, तोंडातून शब्द न काढता समोरून जात राहिला. आजीकडेसुद्धा पाहिलं नाही त्याने. बाप तिथून हलल्यावर कवडूला हात हलवतो म्हणजे काय!

"त्याले घरची गाडी काऊन नाही पुरली, मले एवढंच सांग."

"घरच्या गाडीवर भूमिका हाये, जी."

"मंग?"

"मंग काय? एका गाडीवर दोघंच बसतेत. तिसऱ्यानं कुठं जावं?"

हे इतकं सरळ होतं की पंधरा दिवसांत कोणी त्याला सांगितलं नव्हतं. तो मोजणीच्या जागेकडे चालायला लागला. आता साडेपाच होत आले होते.

*

पाचच्या फळ्यावर घरची गाडी तिसरी आली होती.

फळा लिहायला छोटेलाल गुरुजी होते, शाळेतून निवृत्त होऊन सात वर्षं झालेले. दर तासाला ते वाकून गाडग्यांत डोकावत, बोटाने चिंचोके सरकवत आणि वरच्या तीन गाड्या लिहीत. सात नंबर लिहिला तेव्हा गावातल्या बायकांनी असा गलका केला की जेवणाच्या मांडवातले आचारीसुद्धा झारे घेऊन बाहेर आले.

"भूमिका! ए पोरी! पाह्य तुयं नाव!"

नाव नव्हतंच, नुसता आकडा होता, पण भूमिकाने पाहिलं. ती त्या वेळी खाली होती, गाडीवर गुड्डू होता. केस घामाने कपाळाला चिकटलेले, हेल्मेट काखेत, आणि हसताना तिची वरची हिरडी दिसत होती, जी दिसू नये म्हणून ती सातवीपासून तोंडावर हात धरायची. हात आज तिने धरला नाही. पुष्पांजलीने ती हिरडी किती वर्षांनी पाहिली होती, कोण जाणे.

दुरुस्तीच्या जागेवरून शालीकराम काळे हात पुसत आला. त्याच्याकडे चालक अदलाबदलीची वही होती. कोण किती वाजता उतरला, कोण बसला, सगळं त्यात.

"आपली तिसरी कशी काय?" तो बायकोला हळू म्हणाला. "दुपारी क्लचची तार दोनदा बदलली. चाळीस मिनिटं गाडी माझ्यासमोर उभी होती."

"मग काय झालं?"

"काही नाही. दोन फेरे गेले असतील त्यात, म्हणून म्हटलं."

"तुमच्या पोरीने भरून काढले असतील. बापाला आनंद नको व्हायला?"

शालीकरामने तिच्याकडे पाहिलं. बावीस वर्षांच्या संसारात तो एवढं शिकला होता की बायको प्रश्नाला प्रश्नाने उत्तर द्यायला लागली की आपण पाना उचलावा. त्याने पाना उचलला आणि गेला.

पुष्पांजली तिथेच राहिली. आत्ता सांगितलं तर तीन दाणे, ती मनात म्हणाली. तीन दाणे या गाडग्यातून त्या गाडग्यात, कोणाला कळणारही नाही. पाच वीसला चौथा पडला. पाच चाळीसला पाचवा. दर वेळी ती म्हणे, आता. दर वेळी माईक तोंडाशी नेऊन ती काहीतरी दुसरंच बोले, मुलं पाळीवरून खाली घ्या, पाण्याच्या टाकीचा नळ बंद करा.

*

विक्कीला पाचच्या फेऱ्यालाच फळा दिसला होता. अकरा कुठेच नव्हता. त्याचा हिशेब तर साफ होता. दहाला दिलेली गाडी चारला रिंकूकडून परत घेतली तेव्हाच ते सगळ्यांच्या पुढे होते.

पुढच्या फेऱ्याला त्याने वळणावर वेग आणखी कमी केला आणि आरशात मागे पाहत राहिला. आजीचा हात त्याने नीट पाहिला. म्हणून पाच चाळीसला तो ओरडला, "आजे, अकरा वं! अकरा नंबर!"

"हौ, हौ, मालूम हाये!" आजी म्हणाली आणि दाणा सातव्यात टाकला.

डांबरी रस्त्याला लागल्यावर त्याला आधी हसू आलं. थांबून सांगावं तर ती तक्रार. बापाने कागदावर लिहून दिलेली ओळ घरात सगळ्यांना पाठ होती. म्हणजे बापाच्या हातात काठी द्यायची ती आपणच. न सांगावं तर रिंकू. रिंकूने मुर्रीतलं घरचं काम सोडून दोन महिने इंजिन खोललं, बसवलं, पुन्हा खोललं. त्याला काय सांगायचं? अपनी दादी है, जाने दे?

शेवटचा फेरा त्याने तोंड मिटून मारला. आजी त्याला आता आवाजाशिवायही ओळखत होती.

*

सहाला शिट्टी वाजली. अठरापैकी सोळा गाड्या आपल्या चाकांवर आल्या, दोन ढकलत आणल्या. माणसं गाडग्यांभोवती जमली. सुभद्राबाईंनी सूप मांडीवर घेतलं आणि त्यांच्या जुन्या पद्धतीने विचारलं, "कोनाचा राहिला?"

सगळ्यांच्या नजरा आपापल्या गाडग्यावर होत्या.

पहिलं गाडगं ओतलं. पाच-पाचचे ढीग करत त्यांनी मोजलं, चोवीस. गुरुजींनी लिहिलं. दुसरं, एकोणतीस. ज्या गाडीचं गाडगं त्या गाडीची दोघं समोर उकिडवी बसत आणि ओठ हलवत सोबत मोजत. तिसरं. चौथं बालाघाटवाल्यांचं, एकतीस, आणि त्यांच्यातला दाढीवाला खूश होऊन म्हणाला, "बिलकुल सही, अम्मा. हमने भी इतना ही गिना." पाचवं.

रिंकू रांगेच्या टोकाकडून अकराव्या गाडग्यात डोकावून आला. "विक्की, इसमें तो पच्चीस-छब्बीस दिख रहे हैं. अपने बत्तीस हैं."

"थांब ना."

"क्या थांब? कुछ गड़बड़ है, बोल."

"रिंकू, थांब."

सहावं गाडगं ओतलं. सुभद्राबाईंनी ते बाजूला ठेवलं आणि सातव्याला हात घातला. भूमिका आणि गुड्डू समोर येऊन बसले. भूमिका पुन्हा तशीच हसत होती.

पुष्पांजली सासूशेजारी खाली बसली आणि तिने गाडग्याच्या तोंडावर हात ठेवला.

"आई, हे ओतू नका."

"काऊन?"

"यात सहा दाणे विक्कीचे आहेत."

"हायेतच. मीच टाकली."

"तो अकरा नंबरवर होता."

"मले काय दिसत नाही?" सुभद्राबाई रागावल्या. "गाडी कोनाची बी असन. पोरगा कोनाचा हाये? तीस सालं पाळ्या मोजली. आपला मानूस दुसऱ्याचं वावर ठेक्यानं करे, तं पाळी त्याच्या घरचीच मोजा लागे. वावरवाल्याची नाही. वावरवाल्याची मोजली असती तं ज्याचे वावर जास्त, त्याच्याच घरात तलाव गेला असता."

गर्दीतल्या दोन म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. तसंच होतं ते.

"मंग सकाळी आठ ते धापर्यंत विक्कीचे दाणे अकराव्यात कसे?" गुरुजींनी शालीकरामच्या वहीत पाहत विचारलं.

"तवा कुठं मालूम होतं कोन हाये? तोंड झाकेल. मुक्यावानी गेला मेला."

लोक हसले. विक्कीने मान खाली घातली. तेवढ्यात मुन्नालाल माणसांमधून वाट काढत पुढे आला होता, आणि पोरगा सकाळी मुका का होता ते तिथे फक्त त्यालाच कळलं.

रिंकूला आता सगळं समजलं होतं. तो म्हातारीसमोर हात जोडून बसला. "दादी, गाड़ी मेरी, इंजन मेरा, तेल मेरा."

"आन हात?"

"हात आपके विक्की के. वो मैंने मांग के लिए."

"मांगून नेला तं सांगून न्या लागते, बाबू." सुभद्राबाई एवढं म्हणून थांबल्या. सातवं गाडगं त्यांच्या मांडीवर होतं. त्यांनी ते थोडं हलवलं, आतल्या दाण्यांचा आवाज ऐकला. "गुरुजी, तुमच्या कागदात काय लिव्हलं हाये? वाचा."

गुरुजींनी चष्मा सारखा केला. "नियम चौथा. फेरा गाडीच्या क्रमांकावर मोजला जाईल, चालक कोणीही असो."

"हे मले कोनी वाचून दाखोलं?"

कोणीच दाखवलं नव्हतं. नियमांच्या शंभर प्रती छापल्या होत्या, बालाघाटला, नागपूरला, राजनांदगावला पाठवल्या होत्या, नागऱ्याच्या देवळाच्या भिंतीवरसुद्धा एक चिकटवली होती. जिच्या हातात मोजणी द्यायची तिला एक द्यावी, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. तिला काय सांगायचं, तिला मोजता येतंच की!

"हे तक्रारीचं काम दिसते," मुन्नालाल म्हणाला. आवाज वाढवला नव्हता. लहान भावाच्या बायकोशी तो रीतीप्रमाणे थेट बोलत नसे, म्हणून त्याने पोराकडे पाहिलं. "तक्रार असन तं सांगा. आयकाले मी उभा हावो."

पंधरा दिवसांनी बाप आपल्याशी बोलतो आहे आणि हे बोलतो आहे, असं विक्कीच्या मनात आलं.

"माही तक्रार नाही," तो म्हणाला.

"अरे, तेरी नहीं है, मेरी तो..." रिंकू उठायला लागला. विक्कीने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं, आणि हात काढला नाही.

"कायची तक्रार?" सुभद्राबाईंनी पोराकडे, म्हणजे साठीच्या मुन्नालालकडे, पाहिलं. "मी ओतली काय हे? सुपात पडलं काय?"

"आई, पन..."

"सुपात पडेपर्यंत मोजनी चालू असते. तुह्या बापानं बी हे मानलं, तूही तीस सालं मानलं. मोजनी चालू हाये आन मोजनारी मी हावो. मी चुकली. मीच दुरुस्त करून राहिली. यात तक्रार कुठून आली?"

त्यांनी सातव्या गाडग्यात हात घातला आणि मोजून सहा चिंचोके काढले. एक, दोन, तीन. मोठ्याने म्हणत एकेक अकराव्यात टाकले. शेवटचा हातात जरा धरून ठेवला आणि मग टाकला. भूमिकाने तो हात पाहिला आणि मग आईकडे पाहिलं. ती आता हसत नव्हती.

कोणीतरी मागून म्हणालं, "बुढी थकली आता."

"थकलीच," मुन्नालाल म्हणाला. यात कुत्सितपणा नव्हता, त्याला खरंच वाईट वाटलं होतं. "अठ्ठ्याहत्तर वर्सं झाले. तीस सालाचं नाव होतं, ते आज गेलं. कायले बसवलं तिले इथं दिवसभर?"

 सुभद्राबाईंच्या मांडीवर सूप होतं आणि त्या त्यातला एक खडा बोटाने कडेला सारत होत्या. त्या म्हणाल्या असत्या, हो, थकली मी, आणि सगळं तिथेच मिटलं असतं. पाळ वाचली असती, स्पर्धा वाचली असती, बालाघाटवाले जेवून गेले असते. पुष्पांजलीला हे स्वच्छ दिसत होतं. गप्प बसायचं, बस्स. ती दोन तास बसलीच होती, आणखी पाच मिनिटं.

"त्या थकल्या नाहीत," ती म्हणाली. माईक चालूच राहिला होता, त्यामुळे ते मांडवातही ऐकू गेलं. तिने बटण शोधलं, सापडलं नाही, मग तिने तो तसाच राहू दिला. "त्यांना नियम माहीत नव्हता. मला माहीत होता. पहिला दाणा चार वाजून वीस मिनिटांनी पडला, तेव्हा मी इथेच होते. मी पाहिला. पुढचे पाचही पाहिले."

आचाऱ्यांच्या झाऱ्यांचा आवाज थांबला.

मुन्नालाल आईकडे वळला. "विचार तिले. बोलली काऊन नाही?"

सुभद्राबाईंनी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती, पुष्पांजली शेजारीच बसून ऐकत होती.

"पोरगी वर चढत होती," ती म्हणाली. "मला बरं वाटत होतं."

 शालीकराम वही छातीशी धरून उभा होता. बालाघाटचा दाढीवाला शेजारच्याला विचारत होता, क्या बोली, क्या बोली, आणि शेजारचा सांगत नव्हता. भूमिका उठली. हेल्मेट तिने गुड्डूच्या हातात दिलं.

"म्हंजे पाचच्या फळ्याच्या वेळी तुले मालूम होतं?" तिने आईला विचारलं.

"हो."

"मी हासली, तवा?"

"हो."

भूमिकाने मान हलवली, जशी एखाद्या हिशेबाला हलवतात, आणि पुन्हा खाली बसली. आईकडे पाठ करून नाही, पण तोंड करूनही नाही.

मुन्नालाल पाळीकडे पाहत होता. त्याला पाहिजे होतं ते आता समोर पडलेलं होतं. स्पर्धकाची नाही, पण आयोजकाचीच चूक, आणि तीही माईकवर. कागद त्याच्या भावजयीच्या जवळच होता, मागितला असता तर तिने काढून दिला असता. त्याचा पोरगा पहिला येणार हे दिसत होतं, बत्तीस फेरे. हे अजून कोणी मोठ्याने म्हटलं नव्हतं, पण सगळे त्याच्याकडे अशा नजरेने पाहत होते की बापाने म्हणायचं बाकी आहे.

"आई, सांगून देजो तिले," तो शेवटी म्हणाला. "पुढच्या वर्षी नियमाचा कागद पयले तुले वाचून दाखवा लागन. आन मोजनीपाशी घरचं कोनी उभं नाही राहीन. ते तं बिलकुलच नाही."

सुभद्राबाईंनी सून ऐकते आहे की नाही ते पाहिलं. सून ऐकत होती. पदराने तोंड पुसत होती, आणि ते पुसणं जरा लांबलं.

"आयकलं?" म्हातारी म्हणाली. "मंग जाय. तिकडे मांडवापाशी उभी राह्य."

पुष्पांजलीने माईक गुरुजींकडे दिला आणि ती उठून मांडवाकडे गेली. माणसांनी बाजूला होऊन वाट दिली.  मांडवाच्या खांबाला टेकून ती उभी राहिली. तिथून गाडगी दिसत नव्हती, फक्त माणसांच्या पाठी.

सुभद्राबाईंनी सातवं गाडगं ओतलं. पाच-पाचचे पाच ढीग झाले आणि दोन उरले.

"सत्तावीस," भूमिका म्हणाली, आजीच्या आधी आणि मांडवापर्यंत पोचेल इतक्या मोठ्याने.

"सत्तावीस," आजीने म्हटलं. गुरुजींनी लिहिलं. सुभद्राबाईंनी सूप झटकलं आणि आठव्याला हात घातला. अजून अकरा ओतायची होती.